‘मी फसलो’ : एका क्रियापदाची चिकित्सा

मराठीत ‘फसणे’ आणि ‘फसवणे’ ही दोन क्रियापदे शेजारी शेजारी नांदतात. पहिले अकर्मक, तर दुसरे त्याचे प्रयोजक रूप. बैलगाडी चिखलात फसते, ठरवलेला बेत फसतो आणि माणूसही फसतो. ह्या साऱ्या वाक्यांत जे काही घडते ते कर्त्याच्याच बाबतीत घडते. घडवून आणणारा कोणी वाक्यात नसतो. ‘फसवणे’ म्हटले की मात्र वाक्यात दुसरा माणूस येऊन उभा राहतो आणि त्याला नाव द्यावे लागते. आयुष्यभराची पुंजी गमावलेला माणूस धर्मगुरूकडे, वकिलाकडे किंवा जिवलग मित्राकडे येतो, तेव्हा त्याच्या तोंडून बहुधा पहिले क्रियापद निघते. ‘मला अमक्याने फसवले’ असे तो म्हणत नाही. मान खाली घालून ‘मी फसलो’ असे म्हणतो. व्याकरणदृष्ट्या हे वाक्य निर्दोष आहे. नीतिदृष्ट्या मात्र त्यातून अपराधी बेमालूम निसटला आहे, आणि त्याने मागे ठेवलेली लाज ज्याचे नुकसान झाले त्याच्याच पदरी पडली आहे. भाषा, कायदा आणि वाङ्मय ह्या तीन क्षेत्रांत ह्या एका ‘व’चे काय होते, हे तपासण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम भाषेकडे वळू. कपट, दगा, लबाडी, ठकबाजी, भूलथापा, विश्वासघात अशी शब्दांची रास मराठीपाशी आहे. परंतु लोकांच्या जिभेवर अधिक खेळतात ते वाक्प्रचार. टोपी घालणे, शेंडी लावणे, चुना लावणे, गंडा घालणे, तोंडाला पाने पुसणे, डोळ्यांत धूळ फेकणे, केसाने गळा कापणे. हे वाक्प्रचार एका ओळीत मांडले की दोन गोष्टी ध्यानी येतात. पहिली ही की, येथे कपटाची खूण कपटी माणसाच्या नव्हे, तर फसलेल्याच्या अंगावर उमटते. टोपी त्याच्या डोक्यावर, पाने त्याच्या तोंडाला, धूळ त्याच्या डोळ्यांत. दुसरी गोष्ट अधिक मार्मिक आहे. टोपी ही मानाची वस्तू, पान-चुना ही आतिथ्याची सामग्री, मंतरलेला गंडा हा रक्षणासाठी बांधायचा दोरा. म्हणजे कपट हे सन्मानाच्या, आतिथ्याच्या किंवा रक्षणाच्या वेषात दारी येते, हे ज्ञान आपल्या पूर्वजांनी ह्या शब्दांत साठवून ठेवले आहे. मात्र हे ज्ञान साठवताना त्यांनी त्यात थोडे हसूही मिसळले. ‘त्याला चांगलाच चुना लावला’ हे वाक्य कोणी गंभीर मुद्रेने उच्चारीत नाही. हसण्याचा रोख चुना लावणाऱ्यावर असता तर तक्रार नव्हती. तो बहुधा चुना लागलेल्यावरच असतो.

संस्कृतातून आलेल्या दोन शब्दांची वाटचाल मात्र निराळी आहे. ‘छल’ म्हणजे कपट. न्यायदर्शनात तर छल ही वादातील एक पारिभाषिक संज्ञा आहे : समोरच्याच्या शब्दाला त्याच्या मनात नसलेला अर्थ चिकटवून त्याला खोटे पाडणे. ‘नवकंबल’ हे त्याचे परंपरागत उदाहरण. बोलणाऱ्याला अभिप्रेत असते नवे कांबळे. प्रतिपक्षी ‘नव’चा अर्थ नऊ असा घेऊन ‘ह्याच्यापाशी नऊ कांबळी कोठे आहेत?’ असे विचारतो. हाच शब्द मराठीत ‘छळ’ झाला आणि त्याचा अर्थ यातना असा झाला. दुसरा शब्द ‘वंचित’. मुळात त्याचा अर्थ फसवला गेलेला. आज आपण तो हक्कापासून, शिक्षणापासून, अन्नापासून दूर राहिलेल्यांसाठी वापरतो. ह्या दोन्ही शब्दांत मराठी भाषा कपट करणाऱ्याच्या युक्तीपासून निघाली आणि कपट सोसणाऱ्याच्या वेदनेपाशी येऊन थांबली. वाक्प्रचारांत जे हसू होते ते येथे उरलेले नाही. तथापि येथेही फसवणारा दिसेनासा झालाच आहे. ‘वंचित’ म्हणताना ‘कोणी वंचित केले?’ हा प्रश्न आज आपल्या मनात सहसा उठत नाही.

हा प्रश्न ज्याने विचारायचा तो कायदा. आपल्याकडे १८६० च्या भारतीय दंड संहितेने तो विचारला, आणि १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेने तो जवळजवळ त्याच शब्दांत पुढे चालू ठेवला आहे. जुन्या संहितेतील कलम ४२० तर लोकभाषेत विशेषण होऊन बसले. १९५५ साली ते एका चित्रपटाच्या नावातही जाऊन बसले. नव्या संहितेत हा अपराध कलम ३१८ मध्ये गेला असला, तरी लबाड माणसाला ‘तीनशे अठरा’ म्हणण्याची प्रथा पडेल असे वाटत नाही. कायद्याच्या मराठी अनुवादात ह्या अपराधाला ‘ठकवणूक’ म्हटले आहे आणि दुसऱ्याचे सोंग घेऊन केलेल्या ठकवणुकीला ‘तोतयेगिरी’. ‘तोतया’ म्हटले की मराठी वाचकाला पानिपतानंतर सदाशिवरावभाऊ म्हणून मिरवलेला आणि १७७६ मध्ये देहदंड पावलेला तो इसम आठवतो. कोरड्या कायद्याच्या पानावर इतिहासाची अशी सावली पडावी, ह्यात एक वाङ्मयीन गोडी आहे.

परंतु व्याख्येपाशी आले की हाच कायदा अडखळतो. ‘कपटपूर्वक’ ह्या शब्दाची व्याख्या जुन्या संहितेने दिली ती अशा आशयाची : कपट करण्याच्या उद्देशाने केलेले ते कपटपूर्वक, एरवी नव्हे. हे म्हणजे कोणी गोडीचा अर्थ विचारावा आणि आपण ‘गोड असण्याचा गुण’ असे उत्तर द्यावे, तसे झाले. नव्या संहितेनेही हे वर्तुळ मोडलेले नाही. ते मोडण्याचे काम न्यायालयांवर येऊन पडले. १९६० च्या दशकाच्या आरंभी सर्वोच्च न्यायालयापुढे एका डॉक्टर महिलेचा खटला आला. तिने स्वतःच्या पैशाने मोटार घेतली, पण ती आपल्या तान्ह्या मुलीच्या नावावर, आणि विम्याच्या कागदांवर मुलीच्या नावाने सह्या केल्या. सह्या खऱ्या नव्हत्या, हे उघड होते. न्यायालयाने तरीही तिला निर्दोष ठरवले. कारण ह्या खोटेपणातून तिला कोणता गैरलाभ झाला नव्हता व विमा कंपनीचीही कोणती हानी झाली नव्हती. कपटपूर्वक कृत्य ठरण्यास फसवणे आणि त्यातून होणारी हानी ही दोन्ही अंगे लागतात, असा विचार त्या निकालात आहे. म्हणजे प्रत्येक असत्य हे कायद्याच्या दृष्टीने कपट नव्हे.

उलट दिशेनेही कायद्याने एक मर्यादा आखून दिली आहे. ठकवणुकीच्या कलमाखालीच निळीच्या व्यापाऱ्याचे एक उदाहरण आहे. माल द्यायचाच नाही असे आरंभीच मनात धरून आगाऊ पैसे घेतले, तर ती ठकवणूक. देण्याच्या इराद्याने घेतले आणि पुढे वचन मोडले, तर तो केवळ दिवाणी दावा. संकल्प केव्हाचा होता, ह्यावर सारे अवलंबून. ही मर्यादा अनेकांना जाचक वाटते, कारण दुसऱ्याच्या मनातील आरंभीचा संकल्प सिद्ध करणे दुष्कर असते. तरीही ती आवश्यक आहे असे मला वाटते. ती नसती तर पाऊस न पडल्याने कर्ज थकलेला शेतकरी आणि पळून जाण्याच्या बेताने कर्ज काढणारा भामटा ह्यांना एकाच बेडीत अडकवावे लागले असते. प्रामाणिक अपयश हे पाप नव्हे.

खरी कसोटी लागते ती मौनापाशी. १८७२ च्या भारतीय करार कायद्याने कपटाची व्याख्या करताना एका सदोष घोड्याची गोष्ट सांगितली आहे. विकणाऱ्याला घोड्याचा दोष ठाऊक आहे आणि तो काही बोलत नाही. ते कपट नव्हे. घेणारी त्याचीच नुकती सज्ञान झालेली मुलगी असेल, तर त्या नात्यामुळे बोलणे हे त्याचे कर्तव्य ठरते. घेणारा ‘तुम्ही नाही म्हणाला नाहीत तर घोडा निर्दोष आहे असे मी समजेन’ असे म्हणाला आणि विकणारा गप्प राहिला, तर ते मौन बोलण्यासारखेच. तीन वेळचे मौन एकच, पण त्याचे अर्थ वेगळे; आणि ते अर्थ शब्दांतून नव्हे, तर नात्यातून आणि प्रसंगातून येतात. मौनाच्या ह्या प्रश्नाला फार जुना वंश आहे. रोमन विचारवंत सिसेरो ह्याने ख्रिस्तपूर्व ४४ मध्ये कर्तव्यांविषयी लिहिलेल्या ग्रंथात धान्याच्या व्यापाऱ्याचा प्रश्न मांडला. ऱ्होड्स बेटावर दुष्काळ आहे. मागून आणखी धान्याची जहाजे येत आहेत हे ह्या व्यापाऱ्याला ठाऊक आहे. त्याने ते सांगावे की गप्प राहून चढा भाव घ्यावा? सिसेरोच्या मते सांगावे. संत थॉमस अक्वायनस तेराव्या शतकात ह्याच व्यापाऱ्यापाशी येऊन थोडे वेगळे उत्तर देतात : न्यायाने तो बांधलेला नाही, पण सांगितले तर त्याचा सद्गुण अधिक थोर. १८७२ चा कायदाही भावातील बदल एकट्याला ठाऊक असलेल्या व्यापाऱ्यास बोलण्याची सक्ती करीत नाही. न्यायाचा उंबरठा आणि सद्गुणाचे घर ह्यांत अंतर आहे, एवढेच ह्यावरून म्हणता येईल. उंबरठ्यावर उभे राहून घरात पोहोचल्याचा आव मात्र कोणी आणू नये.

त्याच ग्रंथातील दुसरी गोष्ट आपल्या किनाऱ्यावरील वाचकांना विशेष रुचेल. कॅनियस नावाचा रोमन गृहस्थ सिराक्यूजला गेला असता त्याला एखादी बाग विकत घ्यावीशी वाटली. पिथियस नावाच्या सावकाराने त्याला आपल्या बागेत जेवायला बोलावले, आणि आदल्या दिवशी कोळ्यांना सांगून ठेवले की उद्या माझ्या बागेसमोरच जाळी टाका. पाहुणा येतो तो समोर होड्यांची गर्दी. ज्याने त्याने आपली मासळी यजमानाच्या पायाशी आणून ओतली. गावची सारी मासळी येथेच मिळते, असे यजमानाने सांगितले. भुललेल्या कॅनियसने मागेल ती किंमत दिली. दुसऱ्या दिवशी तो पाहतो तो एकही होडी नाही. शेजारी म्हणाला, येथे कधीच कोणी मासे धरीत नाही; कालच्या गर्दीचे मलाही नवल वाटले होते. कॅनियस संतापला, पण त्याला दाद मागता येईना. कारण कपटाविरुद्ध दाव्याची सोय तेव्हा रोमन कायद्यात नव्हती. ती पुढे सिसेरोचा स्नेही अक्विलियस ह्याने केली. कपट म्हणजे दाखवायचे एक आणि करायचे दुसरे, ही त्याची व्याख्या. अक्वायनस ह्यांनी कपटाचे दोन प्रकार केले आहेत : शब्दाने होते ते एक, कृतीने होते ते दुसरे. पिथियसच्या बागेत दोन्ही होती, आणि खरे काम होड्यांनी केले. ‘नरो वा कुंजरो वा’ ह्या प्रसंगी धर्मराजाच्या ओठांवरचे शब्द खोटे नव्हते. खोटा होता तो खाली आणलेला आवाज. धर्मराजाचा रथ जमिनीला टेकवून महाभारतकाराने तो गुन्हा नोंदवलाच.

आपल्या मातीत हा प्रश्न सर्वांत तीव्रपणे उभा राहिला तो कर्जखतांच्या रूपाने. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे बाजाराच्या दिवशी शेतकरी सावकारांवर चालून गेले. त्यांना मुख्यतः हवे होते ते कागद. हाती लागलेली खते त्यांनी जाळली. १८५९ च्या मुदतीच्या कायद्यामुळे खताला ठराविक वर्षांनंतर न्यायालयात किंमत उरत नसे. म्हणून सावकार दर तीन वर्षांनी मुद्दल आणि थकलेले व्याज एकत्र करून नवे खत लिहून घेई. निरक्षर कुणबी त्यावर निशाणी करी. दाव्यात न्यायालय कागद पाही, कागदावर निशाणी असे, हुकूमनामा होई. न्यायालयाच्या लेखी तो शेतकरी ‘फसलेला’ होता, आणि फसणे हा काही दावा नव्हे. १८७९ च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्याने पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर ह्या चार जिल्ह्यांत हा दृष्टिकोन बदलला. कागदाच्या मागे जाऊन व्यवहाराचा इतिहास पहिल्या देण्यापासून तपासावा, असे त्याने न्यायालयांना बजावले. ‘ह्याने सही केली का?’ ह्या प्रश्नाच्या जागी ‘ह्याची सही कशी मिळवली?’ हा प्रश्न आला. अकर्मक वाक्याचे प्रयोजक वाक्य झाले, असे मी म्हणेन. सावकारांनी पुढे गहाणखताऐवजी खरेदीखत लिहून घेण्याची नवी वाट शोधली, हेही नमूद केले पाहिजे. कपट कायद्यापेक्षा चपळ असते.

आता वाङ्मयाकडे. मराठी रंगभूमीवर ह्या विषयावरचे सर्वांत गाजलेले नाटक म्हणजे आचार्य अत्रे ह्यांचे ‘तो मी नव्हेच’. १९६२ मध्ये ते रंगभूमीवर आले. फिरता रंगमंच आणि प्रभाकर पणशीकरांच्या पाच भूमिका ह्यांनी पिढ्यांना भुरळ घातली. प्रत्यक्ष घडलेल्या खटल्यावर बेतलेल्या ह्या नाटकात, वेगवेगळी नावे धारण करून स्त्रियांशी लग्ने करणारा लखोबा लोखंडे न्यायालयात स्वतःच आपला बचाव करतो. नाटकाचे नाव हेच एक वाक्य आहे, आणि ते फसवणाऱ्याचे आहे. साक्षीदार ‘ह्यानेच’ म्हणतात, आरोपी ‘नव्हेच’ म्हणतो. म्हणजे ज्या ‘फसवणे’ला कर्ता हवा असतो तो कर्ताच वाक्यातून पळ काढतो, ही ह्या नाटकाची मूळ कल्पना विलक्षण आहे. अत्रे ह्यांचे नाट्यकौशल्य वादातीत. तरीही एक शंका विचारावीशी वाटते. प्रेक्षक टाळी देतो ती कोणाला? उलटतपासणीत साक्षीदाराला निरुत्तर करणाऱ्या लखोबाला. साक्षीच्या पिंजऱ्यात उभ्या असलेल्या, संसार उद्ध्वस्त झालेल्या स्त्रिया आपल्या स्मरणात राहतात त्या लखोबाच्या वाक्चातुर्याला निमित्त पुरवणाऱ्या म्हणून. वाक्प्रचारांतले ते जुने हसूच येथे फिरत्या रंगमंचावर अवतरले आहे.

ह्याच्या शेजारी जोतीराव फुले ह्यांचे १८५५ मधील ‘तृतीय रत्न’ ठेवून पाहावे. रचनेच्या दृष्टीने ते अत्र्यांच्या नाटकापुढे साधे आहे, आणि लेखकाच्या हयातीत ते छापलेही गेले नाही. गरोदर कुणबी स्त्रीला ग्रहांचे भय दाखवून जोशी तिला लुबाडतो, एवढेच कथानक. परंतु तेथे विदूषक आहे, आणि त्याची टवाळी पडते ती लुबाडणाऱ्यावर. शिवाय नाटकाच्या शेवटी ते कुणबी जोडपे शाळेची वाट धरते. पहिल्या नाटकाला कपटी माणसाच्या कलेचे कुतूहल आहे. दुसऱ्याला फसवलेल्या माणसाच्या उद्याची चिंता आहे. कलाकृती म्हणून पहिले श्रेष्ठ असेल. पण विषयाचे गांभीर्य दुसऱ्याने अधिक ओळखले, असे माझे मत आहे.

बायबलमधील एक कथा ह्या दृष्टीने वाचण्यासारखी आहे. उत्पत्तीच्या पुस्तकात याकोब थोरल्या भावाचे कपडे घालून, हातांवर करडांची कातडी बांधून अंध पित्याचा आशीर्वाद मिळवतो. कपट उघडकीस आल्यावर इसहाक थरथर कापतो, पण तो ‘मी फसलो’ म्हणून थांबत नाही. तुझा भाऊ कपटाने आला, असे तो एसावाला स्पष्ट सांगतो. आमच्या करार कायद्यात कपटाने मिळवलेली संमती रद्द करता येते. इसहाकाचा आशीर्वाद मात्र परत घेता येत नाही. पुढे लाबान राहेलऐवजी लेआ देऊन याकोबाला फसवतो, तेव्हा याकोब जो जाब विचारतो त्यातील हिब्रू क्रियापद इसहाकाने वापरलेल्या ‘कपट’ ह्या शब्दाच्याच धातूचे आहे. फसवणाऱ्याला फसवलेल्याचा शब्द स्वतःच्या तोंडाने उच्चारावा लागला. योहानाच्या शुभवर्तमानात येशू नथनेलाला कपट नसलेला खरा इस्राएली म्हणतो. तेथील ग्रीक शब्द आणि इसहाकाच्या वाक्याच्या प्राचीन ग्रीक भाषांतरातील शब्द एकच आहे. ‘इस्राएल’ हे त्याच याकोबाला पुढे मिळालेले नाव, हे ध्यानी घेतले म्हणजे ह्या प्रशंसेचे वजन कळते.

हा सारा विचार आज निकडीचा का, हे सांगून लेख संपवतो. तोतया आता दारी येत नाही, दूरध्वनीवर येतो. पोलीस किंवा न्यायाधीश असल्याचे सोंग करून तो घरातल्या माणसाला ‘डिजिटल अटकेत’ असल्याचे सांगतो आणि ठेवी रित्या करवतो. अशी अटक कायद्यात नाही, हे पंतप्रधानांनी ऑक्टोबर २०२४ मध्ये आकाशवाणीवरून देशाला सांगितले. तक्रारीसाठी १९३० हा क्रमांक आहे, आणि ती जितकी लवकर होईल तितकी रक्कम अडवली जाण्याची शक्यता अधिक. पण तक्रार लवकर होत नाही. कारण त्या घरातील वृद्धाला पैशापेक्षा पोराबाळांच्या हसण्याचे भय अधिक वाटते. तो दोन दिवस गप्प बसतो, आणि ते दोन दिवस भामट्याला पुरतात. मुदतीच्या कायद्यापेक्षाही कठोर अशी ही मुदत आपण, त्याच्या आप्तेष्टांनी, घातलेली असते. तेव्हा पुढच्या वेळी कोणी आपल्यापाशी येऊन ‘मी फसलो’ असे म्हणेल, तेव्हा ‘तुम्ही एवढे शिकलेले, असे कसे फसलात?’ हा प्रश्न गिळून टाकावा. ‘तुम्हाला कोणी फसवले?’ असे विचारावे, आणि त्याच बैठकीत तक्रार लिहायला कागद पुढे करावा.